पोर्टबोउची सीमा आणि त्या दिवसाचा हुकूम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सीमा, सुरक्षा आणि नागरिक’ असे तीन भारदस्त शब्द छापलेले आहेत. या तीन शब्दांवर तासभर बोलणे अवघड नाही. तथापि अशा भाषणांतून श्रोत्यांच्या पदरी फारसे काही पडत नाही, असा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून मी आज एकाच सीमेविषयी, तिथल्या एका डोंगरवाटेविषयी आणि त्या वाटेने गेलेल्या एका प्रवाशाविषयी बोलणार आहे. सुरक्षेच्या नावाने राज्यसंस्था माणसाशी कशी वागते, हे राजधानीतल्या घोषणांपेक्षा अशा एखाद्या आडवळणाच्या चौकीवर अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधला पिरेनीज पर्वत पूर्वेकडे भूमध्य समुद्रात उतरतो. उतरता उतरता त्याची उंची पाचसहाशे मीटरांवर येते. फ्रान्सच्या बाजूस कोल्यूर, पोर-वांद्र, बान्यूल्स आणि सेर्बेर अशी कोळ्यांची व द्राक्षमळेवाल्यांची गावे किनाऱ्याने ओळीने लागतात. सेर्बेरच्या पुढे रेल्वे बोगद्यात शिरते आणि पलीकडे बाहेर पडते ती स्पेनमधल्या पोर्टबोउ या गावात. डोंगराच्या दोन्ही बाजूंस भाषा कातालान, पीक द्राक्षाचे आणि घरोघरी सोयरीक. सीमारेषा नकाशात ठळक असली तरी मेंढपाळांना आणि चोरटा माल वाहणाऱ्यांना ती कधी आडवी आलेली नव्हती.

१९३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या वाटेने माणसांचा लोंढा आला तो स्पेनमधून फ्रान्समध्ये. बार्सिलोना फ्रँकोच्या हाती पडले होते आणि पराभूत प्रजासत्ताकाचे नागरिक व सैनिक मिळून साडेचार ते पाच लाख माणसे थंडीत डोंगर ओलांडत होती. फ्रेंच सरकारने आधी सीमा बंद ठेवली. २८ जानेवारीला ती नागरिकांसाठी आणि ५ फेब्रुवारीला सैनिकांसाठी उघडली. लोकशाही फ्रान्सने या लोकांचे स्वागत कसे केले? आर्जेलेसच्या समुद्रकिनारी, उघड्या वाळूवर, काटेरी तारांचे कुंपण घालून त्यांना आत बसवले. निवारा म्हणाल तर ज्याने त्याने वाळूत खणलेला खड्डा. स्पेनचा थोर कवी आंतोनियो माचादो आपल्या वृद्ध आईसह याच ओघात पलीकडे आला. वाटेत त्याची कागदपत्रांची पेटी मागे राहिली आणि २२ फेब्रुवारी १९३९ रोजी कोल्यूरच्या एका साध्या हॉटेलात तो वारला.

हे आधी सांगितले याला कारण आहे. पुढच्याच वर्षी त्याच डोंगरावर ओघाची दिशा उलटली. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. २२ जूनला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या आणि त्या कराराचे एकोणिसावे कलम असे होते की, जर्मन सरकार ज्या जर्मनांची नावे देईल त्यांना फ्रान्सने जर्मनीच्या स्वाधीन करावे. हिटलरच्या राज्यातून पळून आलेले समाजवादी, कम्युनिस्ट, ज्यू, लेखक आणि कामगार पुढारी सात वर्षे फ्रान्सच्या आश्रयाने राहत होते. युद्ध सुरू होताच फ्रान्सने त्यांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवून छावण्यांत कोंडले होते. ज्यांचा शत्रू हिटलर, त्यांनाच हिटलरचे प्रजाजन म्हणून कोंडण्यात आले! आता त्या छावण्यांच्या दारात जर्मन अधिकाऱ्यांचे मंडळ याद्या घेऊन फिरू लागले.

सुटकेची वाट उरली होती ती स्पेनमधून पोर्तुगाल आणि तिथून बोटीने अमेरिका. कागदांचा हिशेब पाहा. अमेरिकेचा प्रवेश-व्हिसा हवा. तो असेल तर पोर्तुगालचा मार्गस्थ व्हिसा मिळे. तो असेल तर स्पेनचा. हे सारे जमवण्यासाठी मार्सेय शहरातल्या वकिलातींपुढे दिवसचे दिवस रांगा लागत. एका कागदाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. आणि एवढे करूनही एक कागद राहतच होता, तो म्हणजे फ्रान्स सोडण्याचा फ्रेंच सरकारचा परवाना. तो मागायचा म्हणजे आपले नाव, पत्ता आणि जाण्याचा बेत पोलिसांच्या दप्तरी आपल्या हाताने नोंदवायचा. आणि ते दप्तर गेस्टापोला बंद नव्हते. राज्य माणसाला आत राहू देत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही, अशी अवस्था त्या परवान्याने निर्माण केली होती. तुरुंगाला भिंती लागतातच असे नाही.

आता आपला प्रवासी. वाल्टर बेंजामिन हे नाव आपल्यापैकी वाचन करणाऱ्यांनी ऐकलेले असेल. १८९२ साली बर्लिनमध्ये सुखवस्तू ज्यू घरात जन्म. साहित्य, छायाचित्रण आणि शहरी जीवन यांचा मार्क्सवादी दृष्टीने विचार करणारा, पण कोणत्याही पक्षाच्या चौकटीत न बसलेला लेखक. १९३३ पासून तो पॅरिसमध्ये होता. मॉस्कोहून निघणाऱ्या एका जर्मन मासिकात त्याने लिहिले, हे कारण दाखवून १९३९ साली जर्मन सरकारने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. म्हणजे जर्मनीच्या लेखी तो जर्मन नव्हता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत फ्रान्सने मात्र त्याला जर्मन म्हणून नेव्हेरजवळच्या छावणीत सुमारे तीन महिने डांबले. दोन राज्यांनी एकाच माणसाविषयी परस्परविरुद्ध निर्णय दिले आणि दोन्ही निर्णय त्यालाच भोगावे लागले.

१९४० च्या सप्टेंबरात त्याच्या खिशात अमेरिकेचा, पोर्तुगालचा आणि स्पेनचा, असे तिन्ही व्हिसा होते. फ्रान्स सोडण्याचा परवाना तेवढा नव्हता. वय अठ्ठेचाळीस, हृदय दुबळे, चार पावले चढ चढला की दम लागणारा. पोर-वांद्रमध्ये एका सकाळी त्याने लिझा फिट्को या तरुणीच्या खोलीचे दार ठोठावले. तिचा नवरा हान्स त्याच्याबरोबर छावणीत होता आणि त्यानेच तिचे नाव सांगितले होते. या बाईने चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आपल्या आठवणी लिहिल्या. पुढचा वृत्तान्त आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः त्यामुळे.

लिझा फिट्को ही काही हौसेने डोंगर चढणारी बाई नव्हती. नाझीविरोधी चळवळीतली ही कार्यकर्ती वयाच्या तिशीत फ्रान्समधल्या गुर्स छावणीतून निसटून आली होती. पोर-वांद्रला आल्यावर वाट विचारायला ती गेली ती गोदी कामगारांकडे. त्यांनी तिला शेजारच्या बान्यूल्सच्या नगराध्यक्षाकडे पाठवले. व्हँसाँ आझेमा हे त्यांचे नाव आणि ते समाजवादी होते. सेर्बेरच्या स्मशानभूमीच्या भिंतीलगतची नेहमीची सोपी वाट आता पहाऱ्याखाली आहे, असे त्यांनी तिला सांगितले. वर, जरा पश्चिमेला, एक जुनी चोरवाट आहे; स्पेनच्या प्रजासत्ताकाचा सेनापती लिस्तेर याने माघार घेताना आपले सैनिक तिकडून आणले होते. आपल्या कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून त्यांनी तिला खुणा दाखवल्या. सात पाइन वृक्षांचे एक पठार आहे, ते उजव्या हाताला ठेवायचे, म्हणजे द्राक्षमळा लागतो आणि त्यातून खिंडीकडे चढ जातो. पहाटे मळ्यात कामाला जाणाऱ्या मजुरांबरोबर बाहेर पडा, जवळ सामान घेऊ नका आणि तोंड उघडू नका, असा त्यांचा सल्ला होता.

या सल्ल्यातले शहाणपण कार्यकर्त्याने लक्षात घेण्याजोगे आहे. पोलिसाची नजर वेगळेपण शोधते, म्हणून श्रमिकांच्या घोळक्यात मिसळून जायचे. परंतु त्यासाठी त्या घोळक्याने तुम्हांला आपल्यात मिसळू दिले पाहिजे. रोज पहाटे मळ्यात जाणाऱ्या माणसांना आपल्यातला नवा, गोरा, शहरी बुटांचा माणूस ओळखू येत नव्हता असे थोडेच आहे?

आदल्या दिवशी दुपारी वाटेचा पहिला टप्पा पाहून परतायचे ठरले होते. बेंजामिन, त्याच्याबरोबरच्या एक बाई, त्यांचा किशोरवयीन मुलगा आणि लिझा हे एका मोकळ्या माळापर्यंत गेले. तिथे बेंजामिन आडवा झाला आणि आपण परत येणार नाही, रात्र इथेच काढू, असे त्याने सांगून टाकले. एक तृतीयांश वाट संपली आहे. ती उद्या पुन्हा चढलो तर हृदय टिकणार नाही, हा त्याचा हिशेब होता. अंगावर पांघरूण नाही, जवळ अन्न नाही. पहाटे इतर मंडळी पोहोचली तेव्हा तो तिथेच होता. दवाने चष्म्याच्या चौकटीचा रंग उतरून डोळ्यांभोवती लाल डाग पडले होते. पुढे तो घड्याळ लावून चालला. दहा मिनिटे चालायचे आणि एक मिनिट थांबायचे. दम लागल्यावर थांबायचे नाही, लागण्यापूर्वीच थांबायचे. त्याच्याजवळ एक जड काळी चामडी बॅग होती. तिच्यात हस्तलिखित आहे आणि ते माझ्या जिवाहून मोलाचे आहे, असे तो म्हणे. ती बॅग सर्वांनी आळीपाळीने वाहिली. द्राक्षमळ्याच्या उभ्या चढावर त्याचे पाय चालेनात, तेव्हा लिझाने आणि त्या मुलाने त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर ओढले. खिंडीवरून खाली दोन्ही देशांचा समुद्र दिसतो. तिथून पुढे काही अंतर जाऊन, पोर्टबोउचा रस्ता दाखवून, लिझा मागे वळली. तिच्याजवळ स्पेनचे कोणतेच कागद नव्हते.

पोर्टबोउ हे गाव यादवी युद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेले होते. तिथल्या पोलिस चौकीवर, वाटेत भेटलेल्या दुसऱ्या एका तुकडीसह, ही मंडळी सायंकाळी हजर झाली. ती लपून शिरली नव्हती. स्पेनचा व्हिसा होता, त्यावर प्रवेशाचा शिक्का हवा होता आणि तो घेण्यासाठी ती स्वतः चौकीवर गेली होती. अधिकाऱ्यांनी सांगितले की नवा हुकूम आला आहे. ज्यांच्याजवळ फ्रान्स सोडण्याचा परवाना नाही त्यांना प्रवेश द्यायचा नाही, उद्या सकाळी फ्रेंच सीमेवर परत पोचवायचे. विनवण्या झाल्या, कागद पुढे करण्यात आले, रडारड झाली. रात्रीपुरते पहाऱ्यात एका हॉटेलात राहू देण्यात आले. बेंजामिनजवळ मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. नोंदीप्रमाणे २६ सप्टेंबरच्या रात्री त्याचा मृत्यू झाला. दाखल्यावर कारण लिहिले आहे मेंदूतील रक्तस्राव. नावाची उलटापालट होऊन ‘बेंजामिन वाल्टर’ असे लिहिले गेले आणि त्यामुळे या ज्यू माणसाला कॅथलिक दफनभूमीत जागा मिळाली. त्या जागेचे पाच वर्षांचे भाडे बरोबरच्या बाईंनी भरले. मुदत संपल्यावर अस्थी सामायिक खड्ड्यात गेल्या. न्यायालयाच्या नोंदवहीत त्याच्या वस्तूंची यादी आहे. चामडी बॅग, घड्याळ, पाइप, सहा छायाचित्रे, एक क्ष-किरण चित्र, चष्मा, काही मासिके, पत्रे, थोडे कागद आणि थोडे पैसे. कागद कसले होते ते कारकुनाने लिहिले नाही आणि पुढे ते कुणाला सापडलेही नाहीत.

बरोबरच्या माणसांना दुसऱ्या दिवशी पुढे जाऊ देण्यात आले, आणि ती पोर्तुगालला पोहोचली.

मित्रहो, या वाक्यापाशी आपण थांबले पाहिजे. आदल्या सायंकाळी जो हुकूम अढळ होता, तो सकाळी अढळ राहिला नाही. दोन आठवड्यांपूर्वी, १३ सप्टेंबरला, सत्तरीला टेकलेला कादंबरीकार हाइनरिश मान, त्याचा पुतण्या गोलो आणि फ्रान्झ वेर्फेल हे याच डोंगरावरून, असाच परवाना नसताना, स्पेनमध्ये आले होते आणि त्यांना कुणी परत पाठवले नव्हते. हाना आरेण्ट या विदुषीने पुढे लिहिले की, बेंजामिन एक दिवस आधी आला असता तर विनासायास पलीकडे गेला असता आणि एक दिवस नंतर निघाला असता तर सध्या जाता येत नाही हे मार्सेयमध्येच कळले असते. ती स्वतः १९४१ च्या जानेवारीत त्याच वाटेने लिस्बनला गेली. पोर्टबोउच्या दफनभूमीत तिने त्याची कबर शोधली, पण त्याचे नाव तिला कुठेच सापडले नाही. मार्सेयमध्ये त्याने तिच्याकडे सोपवलेले इतिहासाच्या संकल्पनेवरील टिपण मात्र तिच्या सामानातून सुखरूप अमेरिकेला पोहोचले.

आरेण्टबाईंचे म्हणणे खरे आहे, पण त्यावर दैवाची छाया पडते आणि तिथे माझे समाधान होत नाही. दैवाचा यात काय संबंध? सीमा बंद होती असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः डोंगर बंद नव्हता, वाट बंद नव्हती, व्हिसाही वैध होता. बंद होता तो त्या दिवसाचा हुकूम. तो कुणी काढला, कशासाठी काढला आणि का सैल केला, हे ज्याच्या जिवावर तो उठला त्याला विचारण्याची सोय नव्हती. चौकीवरचे शिपाई क्रूर होते असा पुरावा नाही. त्यांनी कुणाला मारहाण केल्याची नोंद नाही. रात्रभर हॉटेलात राहू दिले यात थोडी माणुसकीही असेल. पण माणुसकी आणि मर्जी यांच्यात फरक आहे. जे आज शिपायाच्या मर्जीने मिळते ते उद्या त्याच मर्जीने जाते. हक्क म्हणून जे मिळते ते नाकारताना निदान कुणाला तरी कारण द्यावे लागते.

इथे आपल्याच परंपरेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती बोचरी आहे. रुडोल्फ हिल्फरडिंग आणि रुडोल्फ ब्राइटशाइड ही जर्मन सामाजिक लोकशाही पक्षाची मोठी माणसे. पहिला ‘वित्तीय भांडवल’ या १९१० सालच्या ग्रंथाचा कर्ता आणि वायमार प्रजासत्ताकाचा दोनदा अर्थमंत्री. दुसरा राइशस्टागमधला पक्षाचा नेता. दोघे फ्रान्सच्या दक्षिण भागात अडकले होते. मार्सेयमधल्या अमेरिकन साहाय्य समितीचा प्रमुख व्हेरियन फ्राय याने त्यांना चोरवाटेने जाण्यास परोपरीने सांगितले. खोट्या नावाने, डोंगरातून, तस्करासारखे जाणे त्यांना पटेना. आपल्या नावाची माणसे फ्रान्स देऊन टाकणार नाही, असा त्यांना भरवसा होता. ते रीतसर परवान्याची वाट पाहत राहिले. फेब्रुवारी १९४१ मध्ये फ्रेंच पोलिसांनी त्यांना पकडून जर्मनांच्या हवाली केले. हिल्फरडिंगचा त्याच महिन्यात पॅरिसच्या तुरुंगात अंत झाला आणि ब्राइटशाइड १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मरण पावला. ज्यांनी आयुष्यभर राज्यसंस्थेच्या स्वरूपावर लिहिले, त्यांनी एका पराभूत राज्याच्या सहीशिक्क्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या सचोटीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कायदा पाळणे आणि कायद्याच्या वेषातल्या हुकमाला शरण जाणे यांतला भेद लोकशाही समाजवाद्यांनी तरी पुसट होऊ देऊ नये.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल की हे युरोपचे झाले. आपल्याकडे अभिमान वाटावा अशा आठवणीही आहेत. युद्धकाळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुसंख्य बायका-मुले, १९४३ पासून काही वर्षे राहिली. त्यांतले काही वृद्धापकाळी ती जागा पाहायला परत आले. तिबेटी आले, १९७१ साली पूर्व बंगालमधून कोटीच्या घरात माणसे आली. देशाने त्यांना जागा दिली. हे सर्व खरे आहे. परंतु निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि आश्रय मागणाऱ्याचा हक्क सांगणारा कायदाही आपल्याकडे नाही. परदेशी माणसाला ठेवणे किंवा घालवणे हे १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने सरकारच्या हाती दिले होते. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, अधिकार सरकारच्याच हाती राहिला. म्हणजे आपले औदार्य मोठे असेल, पण तेही हुकमाचेच औदार्य आहे. कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला नाही, हे त्या त्या दिवशी ठरते. बेंजामिनची गोष्ट मी इतक्या तपशिलाने सांगितली ती म्हणूनच.

परत त्या डोंगराकडे जाऊ. लिझा आणि हान्स फिट्को यांना पलीकडे निघून जाणे शक्य होते. फ्रायच्या समितीच्या सांगण्यावरून दोघे बान्यूल्सलाच राहिले आणि १९४१ च्या एप्रिलपर्यंत पळून आलेल्या माणसांना खिंडीपर्यंत पोचवत राहिले. नगराध्यक्ष आझेमांना लवकरच सरकारने पदावरून दूर केले. आपण इथे फार दिवस नसू, तेव्हा कुणीतरी वाट माहीत असलेले मागे राहायला हवे, हा विचार त्यांनी तिच्यापाशी आधीच बोलून दाखवला होता. फ्रायची समिती सुमारे दोन हजार माणसांच्या सुटकेस कारण झाली असे मानले जाते. खुद्द फ्रायला १९४१ मध्ये फ्रान्समधून हाकलण्यात आले. फिट्को दांपत्य क्युबामार्गे अमेरिकेत गेले आणि लिझा २००५ साली शिकागोत वारली. त्या पहिल्या प्रवाशाचे नाव जगभर गाजले आहे, हे तिला फार उशिरा कळले.

आज त्या वाटेला बेंजामिनचे नाव आहे आणि हौशी पदयात्री ती पाच-सहा तासांत चालून जातात. त्यांचे कागद कुणी पाहत नाही. पोर्टबोउच्या दफनभूमीशेजारी दानी काराव्हान या शिल्पकाराने १९९४ साली केलेले स्मारक आहे. गंजलेल्या पोलादाचा एक बंद जिना समुद्राकडे उतरतो आणि मध्येच आडव्या काचेपाशी संपतो. या वाटेच्या पश्चिमेस बान्यूल्सची खिंड आहे, जिच्यातून मोटारीचा अरुंद रस्ता जातो. १९३९ मध्ये तिच्यातूनही निर्वासित आले होते. २०२१ च्या जानेवारीत फ्रेंच सरकारने सुरक्षेचे आणि बेकायदा स्थलांतराचे कारण देऊन ती बंद केली. रस्त्यावर मोठाले दगड आणून टाकण्यात आले. दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांनी तिथे जमून निदर्शने केली आणि एकदा तर ते दगड ढकलून बाजूला केले. सरकारने ते पुन्हा आणून टाकले. काही वर्षांनी खिंड मोकळी करण्यात आली.